काम हंगामी, खर्च बारमाही: कर्जाशिवाय राहायचं कसं?

(या भागाचं लिखित रूप. बोलणं बरंचसं जसंच्या तसं ठेवलंय, आकडे मात्र वाचायला सोपे जावेत म्हणून नीट मांडलेत.)

मी सोलापुरातून बोलतेय, म्हणजे पंखा फुल्ल स्पीडवर आहे. मागे घरघर ऐकू आली तर सांभाळून घ्या.

तुमचे जे व्हॉइस मेसेज येतात, त्यातले कितीतरी एकाच गोष्टीवर असतात. कुणी एजन्सीमार्फत ऑफिसात कंत्राटी कामाला आहे, कुणी तासिका तत्त्वावर शिकवतंय, कुणी डिलिव्हरी करतंय, कुणी फक्त सणासुदीला दुकानात उभं राहतंय. प्रश्न सगळ्यांचा एकच: "ताई, पुढच्या महिन्यात काम असेल का हेच माहीत नाही, मग बचत कशी करायची? इथं तर वीस तारखेलाच उधारी सुरू होते."

आज त्यावरच बोलू.

मी गेली सहा वर्षं अशीच कामं करतेय. सीझनला युनिफॉर्मच्या कारखान्यात, जानेवारीत गड्डा यात्रेत स्टॉलवर, दिवाळीला कापडाच्या दुकानात, मध्येच एखादं डेटा एन्ट्रीचं काम. आई विड्या वळते. पप्पा पॉवरलूमवर. म्हणजे एक तारखेला ठरलेला पगार घेऊन येणारं आमच्या घरात कुणीच नाही. आणि आज घरावर कुणाचं एक रुपयाचंही देणं नाही. हे मिरवायला सांगत नाहीये. ते कसं जमवतो, त्याचा हिशोब मांडायचाय.

पैशांवरचे व्हिडिओ तुम्हीही बघत असाल. "पगार झाला की आधी वीस टक्के बाजूला काढा." छान आहे. पण कुठल्या पगाराचे? एप्रिलच्या की ऑगस्टच्या? एप्रिलमध्ये मला सोळा हजार मिळतात आणि ऑगस्टमध्ये चार. त्या चार हजारांतून वीस टक्के काढले तर उरलेल्यात मी किराणा भरू की बसभाडं? सल्ला चुकीचा नाहीये, तो दुसऱ्या कुणासाठी तरी आहे. आपल्याला आपला वेगळा हिशोब लागतो.

सोलापूरला हे नवीन नाही

"गिग वर्क" हा शब्द आता आला. पण कामाची शाश्वती नसणं आपल्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. हे गिरण्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली आणि हजारो घरांचा पगार थांबला. नंतर लूमवर काम मिळालं, पण कापडाला गिऱ्हाईक असेल तेवढंच. विडीचं तर कायमच नगावर. हजार विड्यांमागे मजुरी. जेवढं वळाल तेवढं मिळेल. पानं कमी मिळाली, मजुरी कमी. हात दुखला, मजुरी कमी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विडी कारखाने बंद झाले तेव्हा आमच्या गल्लीत एकाच वेळी प्रत्येक घरातली आवक थांबली होती.

आणि याच बायकांनी घरं बांधली. कुंभारीला विडी कामगार महिलांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथली घरं दिली गेली. त्याच कुंभारीत नंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर उभं राहायला लागलं. त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. त्यात विडी कामगार आहेत, यंत्रमाग कामगार आहेत, कचरा वेचणारे आहेत, ड्रायव्हर आहेत. सरकारी अनुदान होतं, केंद्राचं दीड लाख आणि राज्याचं एक लाख. मागे वर्षानुवर्षांचे मोर्चे आणि संघटना होती. पण घर काही फुकट नव्हतं. लाभार्थी हिस्सा प्रत्येकाला स्वतः भरायचा होता, आणि तो नगावर मजुरी घेणाऱ्या माणसांनी भरला.

म्हणून "आमची कमाईच ठरलेली नाही, आमचं काय होणार" असं कुणी म्हणालं की मला आमच्या शेजारच्या अक्का आठवतात. त्यांच्या आयुष्यात एकही महिना ठरलेला नव्हता. पण हप्ता कुठे घ्यायचा आणि कुठे अजिबात घ्यायचा नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

उचल

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. सीझनला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून जास्त. नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता. कामावर येण्याआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. घरातलं लग्न, दवाखाना, जुनी देणी, सगळं त्या उचलीतून. मग चार-पाच महिने ती उचल फेडण्यासाठी ऊस तोडायचा. पाऊस आला, आजारपण आलं, तोड कमी झाली, तर उचल फिटत नाही. बाकी राहते. ती बाकी घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे.

त्या माणसाने अजून न केलेल्या कामाची मजुरी आधीच खर्च करून टाकलेली असते. त्यामुळे पुढच्या वर्षी दुसरीकडे चांगला दर मिळत असला तरी त्याला जाता येत नाही.

आता हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलकडे बघा. "झिरो डाउन पेमेंट, फक्त २,४०० महिना." हीसुद्धा उचलच आहे, फक्त मुकादम दिसत नाही. पर्मनंट नोकरीवाल्याचं ठीक आहे, त्याचा पगार ठरलेला, हप्ताही ठरलेला. आपला हप्ता ठरलेला आणि कमाई मात्र हलती. ऑगस्टमध्ये चार हजार आले आणि त्यातले २,४०० फोनला गेले, तर १,६०० रुपयांत महिना काढायचा. तो निघत नाही. मग दुसरी उधारी. आपल्याकडे बहुतेक कर्जं अशी सुरू होतात. माणूस उधळ्या असतोच असं नाही. हप्ता आणि कमाई एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच असतं.

यातलंच एक सांगते. मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून नियम केलाय की घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. नियम चांगलाच आहे. पण समजा घरात एकच कमावतं माणूस आहे आणि सरासरी कमाई दहा हजार. कागदावर पाच हजारांचा हप्ता बसतो. आणि ऑगस्टची सगळी कमाईच चार हजार! म्हणून कुणी म्हणालं "तुम्हाला एवढं कर्ज बसतं", तरी आपण आपला सगळ्यात वाईट महिना समोर ठेवायचा. त्या महिन्यात हप्ता झेपत नसेल तर तो हप्ता आपला नाही.

कर्जाची किंमत रुपयांत काढा

टक्के ऐकले की आपण मान डोलावतो आणि विसरतो. रुपयांत काढलं की कळतं. तीन हिशोब करू.

पहिला, खासगी सावकार. "शेकडा पाच" म्हणतात. ऐकायला पाचच. पण ते महिन्याला आहे, म्हणजे वर्षाला साठ टक्के. दहा हजार घेतले आणि वर्षभर नुसतं व्याज देत राहिलात तर सहा हजार जातात, आणि दहा हजार जिथल्या तिथे. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. सावकार घरात घुसून दमदाटी करत असेल, वस्तू किंवा जागा लिहून मागत असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

दुसरा, "फ्लॅट रेट". वीस हजार, महिना दोन टक्के फ्लॅट, बारा हप्ते. व्याज ४,८००, हप्ता साधारण २,०६७. तुम्हाला वाटतं चोवीस टक्के झाले. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल परत करत जाता आणि व्याज मात्र पूर्ण वीस हजारांवर लागत राहतं. खरा दर निघतो वर्षाला ४१ टक्क्यांच्या वर. म्हणून कर्ज देणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: "रिड्युसिंगने किती पडतं, आणि शेवटपर्यंत एकूण किती रुपये भरायचे?" उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली की तिथून उठायचं.

तिसरा, झटपट कर्जाचं ॲप. पाच हजार मंजूर. पंधराशे "प्रोसेसिंग" कापून हातात साडेतीन. सात दिवसांत पाच हजार परत. म्हणजे साडेतीन हजारांवर आठवड्याला पंधराशे, जवळजवळ ४३ टक्के, एका आठवड्यात! आमच्या गल्लीतला सगळ्यात महाग सावकारसुद्धा एवढं घेत नाही. वर फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे. चुकलात की मामाला, मैत्रिणीला, मालकाला फोन सुरू.

नियम लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, गॅलरी, कॉल लॉग बघता येत नाहीत. वर्षाचा एकूण खर्च किती टक्के पडतो ते कर्ज देण्याआधी लेखी दाखवावं लागतं. कर्ज देणारी बँक किंवा एनबीएफसी कुठली, ते स्पष्ट सांगावं लागतं. हे नसेल तर ॲप काढून टाका. धमक्या येत असतील तर घाबरून दुसऱ्या ॲपवरून पैसे उचलून पहिल्याला देऊ नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर तक्रार टाका आणि घरात कुणाला तरी सांगा. लाज वाटते म्हणून गप्प बसणं हेच त्या लोकांचं भांडवल असतं.

स्वतःला पगार द्या

आता मी काय करते ते. वहीतलं एक अख्खं वर्ष वाचून दाखवते, थोडं गोल आकड्यांत.

जानेवारी १३,०००. फेब्रुवारी १२,०००. मार्च १४,५००. एप्रिल १६,०००. मे १२,०००. जून ११,०००. इथवर युनिफॉर्मचा सीझन, शाळा सुरू होईपर्यंत रात्री आठलासुद्धा मशीन बंद होत नाही. मग जुलै ५,५००. ऑगस्ट ४,०००. सप्टेंबर ५,०००. ऑक्टोबर १२,०००, दिवाळीचं दुकान. नोव्हेंबर ९,०००. डिसेंबर ६,०००.

एकूण एक लाख वीस हजार. सरासरी महिना दहा हजार.

मी स्वतःचा पगार ठरवला ८,५००. घरात सहा हजार, माझ्या खर्चाला अडीच. सरासरीपेक्षा मुद्दाम कमी. माझी दोन खाती आहेत. कुठूनही पैसा आला की पहिल्या खात्यात. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यातून ८,५०० दुसऱ्या खात्यात. यूपीआय फक्त दुसऱ्या खात्याला जोडलंय. पहिल्या खात्याचं कार्ड आईच्या कपाटात.

एप्रिलला सोळा हजार आले तरी मला ८,५००. ऑगस्टला चार आले तरी ८,५००. जूनअखेर पहिल्या खात्यात २७,५०० साठले. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या तीन महिन्यांत त्यातले ११,००० गेले. डिसेंबरला पुन्हा अडीच हजार गेले. वर्ष संपलं तेव्हा १८,००० शिल्लक. आणि वर्षभरात एकदाही कुणापुढे हात पसरला नाही.

यात कमाई एक रुपयाने वाढलेली नाही. एप्रिलचे पैसे ऑगस्टपर्यंत जिवंत ठेवले, एवढंच केलं. हंगामी कामात खरा धोका वाईट महिन्याचा नसतो, चांगल्या महिन्याचा असतो. हातात सोळा हजार असले की आपल्याला आपण सोळा हजारवाले वाटायला लागतो. आपण दहा हजारवाले आहोत, फक्त पैसे ओबडधोबड येतात.

तुमची सुरुवात ऑगस्टमध्ये होत असेल, म्हणजे हातात काहीच नसताना, तर लगेच पगार ठरवायला जाऊ नका. आधी नुसतं लिहा. आणि पहिला चांगला महिना आला की तो खर्चू नका. ही पद्धत नेहमी चांगल्या महिन्यापासून सुरू होते.

कडक भाकरीचा डबा

बाहेरगावच्या ऐकणाऱ्यांसाठी सांगते, आमच्याकडे ज्वारीची कडक भाकरी असते. पातळ, कुरकुरीत, पाणी नसलेली, म्हणून दिवसेंदिवस टिकते. शेंगाचटणी, दही, झालं जेवण. घरात ताजी भाकरी असते तेव्हा कुणी कडक भाकरीच्या मागे लागत नाही. पण चूल पेटली नाही त्या दिवशी ती असते.

मी आमच्या अडीअडचणीच्या पैशाला "कडक भाकरी" म्हणते. वरच्या हिशोबातले ते १८,००० म्हणजे कडक भाकरी. त्याचे तीन नियम आहेत. ती जवळ असली पाहिजे. तिला पाय फुटता कामा नयेत. आणि तिच्याकडून फार व्याजाची अपेक्षा नाही. जिथे जास्त व्याजाचं आमिष आहे तिथे कडक भाकरी ठेवायची नसते.

हे सोलापुरात सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. ओळखीचा माणूस येतो, "दोन टक्के जास्त देतो" म्हणतो. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या सोलापूरच्याच लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा लहान ठेवीदारांना आधार होता तो याच विम्याचा. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं नाही. पण ज्या पैशावर आपला ऑगस्ट अवलंबून आहे तो विमा असलेल्या ठिकाणीच ठेवा. साधं बचत खातंही चालेल.

त्याच्या पुढचे पैसे, म्हणजे ज्यांना वर्षभर हात लावायचा नाही ते, पोस्टाच्या आरडीत. महिना शंभर रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची असते. सध्याच्या ६.७ टक्क्यांनी महिना पाचशे भरले तर पाच वर्षांत तीस हजार जमा होतात आणि हातात साधारण ३५,६८० येतात. हप्ता चुकला तर शंभरामागे एक रुपया दंड, आणि चारपेक्षा जास्त चुकले तर खातं बंद पडायची वेळ येते. म्हणून आरडी मोठी घेऊ नका. ऑगस्टमध्येसुद्धा भरता येईल एवढीच घ्या. माझी पाचशेची आहे, ती माझ्या ८,५०० मधूनच जाते.

आणि भिशी? भिशी मला आवडते. दहा जणी, महिना हजार, दर महिन्याला एकीला दहा हजार. पण नीट बघा, पहिला नंबर ज्या बाईला लागतो तिच्यासाठी ते बिनव्याजी कर्ज आहे आणि शेवटचा नंबर घेणारीसाठी ती बचत आहे. कमाई हलती असेल तर शेवटचा नंबर मागून घ्या. आणि एकमेकींची घरं माहीत असलेल्या भिशीतच जा. व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटलेल्या भिशीत नाही.

दवाखाना

आता कुणीतरी म्हणेल, ताई, हे सगळं ठीक, पण दवाखाना आला की सगळे हिशोब कोसळतात.

खरंय. आमच्याकडेही आला. पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्येच. पप्पांना हर्नियाचा त्रास वाढला आणि डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन टाळू नका. त्या संध्याकाळी घरी दोन नातेवाईक आले. दोघांचंही म्हणणं एकच, अमुक माणूस शेकडा पाचने देतो, उद्या सकाळी पैसे हातात. आई गप्प बसली होती. तिने एवढंच विचारलं, "तुझ्या डब्यात किती हायत?"

डब्यात तीस हजारांच्या आसपास होते. पण आम्ही आधी पैशांना हात लावला नाही. रेशन कार्ड आणि आधार घेऊन सिव्हिलला गेलो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांवरचे उपचार नोंदणी असलेल्या रुग्णालयात रोख पैसे न देता होतात. कुटुंबाला वर्षाला आता पाच लाखांपर्यंत. रुग्णालयात "आरोग्यमित्र" बसलेला असतो, तो कागद बघतो, आपल्याला काय लागू होतं ते सांगतो. ऑपरेशन झालं. डब्यातून गेले ते रिक्षा, डबे, बाहेरून आणलेली एक-दोन औषधं आणि पप्पा महिनाभर लूमवर गेले नाहीत त्या मजुरीचे. सगळे मिळून साधारण चौदा हजार.

शेकडा पाचने तीस हजार उचलले असते तर नुसतं व्याजच महिना दीड हजार. आमच्या ऑगस्टला ते झेपलं नसतं, हे मला वही बघून त्याच रात्री सांगता आलं. भावनेच्या भरात नातेवाइकांशी वाद घालायची वेळच आली नाही.

म्हणून आजारपण यायच्या आधी तीन कामं करून ठेवा. रेशन कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का आणि आधारशी जुळतात का ते बघा. बँकेत जाऊन दोन विम्यांचे फॉर्म भरा. अपघाताचा सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत आणि जीवन ज्योती ४३६ रुपयांत, दोन्हींचं संरक्षण दोन-दोन लाखांचं. मे अखेरीला पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, तेव्हा खात्यात तेवढे ठेवा. आणि कंत्राटी कामाला असाल तर पीएफ कापतात का ते विचारा. एजन्सीमार्फत कामाला असलात तरी पीएफ लागू होऊ शकतो. यूएएन नंबर मागून घ्या, पासबुक मोबाइलवर बघा. काम बदललं की लगेच पीएफ काढून मोकळे होऊ नका, तोच नंबर पुढे चालतो.

पीएफवरून आठवलं. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानायचं का, यावरच मोठा वाद होता. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हो, घरी काम करणाऱ्या विडी कामगारांनाही पीएफ लागू आहे. आमच्या आईच्या नावावर आज जे आहे ते त्या लढ्यामुळे. त्यामुळे "आपण टेम्पररी, आपल्याला काय मिळणार" असं आधीच ठरवून टाकू नका. विचारा.

नाही कसं म्हणायचं

सगळ्यात अवघड भाग हा आहे. मित्र म्हणतो, "फक्त जामीन राहा, सही तर करायचीय." जामीनदार म्हणजे साक्षीदार नाही. त्याने भरलं नाही तर बँक तुमच्याकडून वसूल करू शकते, आणि तुमचा सिबिल स्कोअरही खराब होतो. मी सरळ सांगते, "माझी कमाई ठरलेली नाही, मला कुणी जामीन म्हणून घेणार नाही." हे खोटंही नाही.

उसने मागणाऱ्याला मी तेवढेच देते, जेवढे परत नाही आले तरी चालतील. पाचशे द्यायचे आणि विसरायचे. पाच हजार द्यायचे आणि मैत्री घालवायची, हे नको.

आणि लग्नाचं काय? "लोक काय म्हणतील" यासाठी काढलेलं कर्ज फेडायला लोक येत नाहीत, एवढं प्रत्येक घराला माहीत असतं. तरी मंडप मोठा होतोच. मी घरात एकच करते, वही उघडून ठेवते. मोठ्यांना उपदेश केलेला आवडत नाही, पण आकडे ते ऐकतात.

बचत कशासाठी

आता एक खरी गोष्ट. काही घरांत खरोखरच काही उरत नाही. सहा हजारांत पाच माणसं जगत असतील तर त्यांना "बचत करा" सांगणं म्हणजे थट्टा आहे. तिथे प्रश्न मजुरीचा आहे, वेळेवर पैसे मिळण्याचा आहे. बचत हा योग्य मजुरीला पर्याय नाही.

पण थोडी बचत असली की योग्य मजुरी मागायला तोंड उघडतं. एका ठिकाणी माझे तीन महिन्यांचे पैसे अडकवून ठेवले होते. "बिल पास झालं की देतो, तोपर्यंत काम चालू ठेवा." माझ्याबरोबरच्या दोघी गप्प राहिल्या, कारण त्यांचे हप्ते चालू होते आणि काम सुटलं तर सगळंच सुटेल अशी भीती. माझ्याकडे तेव्हा दोन महिन्यांची कडक भाकरी होती. मी लेखी अर्ज दिला, हजेरीचे फोटो जोडले, पैसे मिळेपर्यंत काम बंद म्हणून सांगितलं. दोन आठवड्यांत पैसे आले. माझे आले तसे त्या दोघींचेही आले. मी त्यांच्यापेक्षा धीट होते असं मला वाटत नाही. माझ्यामागे हप्ता नव्हता, एवढाच फरक.

मला बचतीचा अर्थ एवढाच कळलाय. श्रीमंत होण्याचं नंतर बघू. आधी, वाईट कामाला "नको" म्हणता आलं पाहिजे.

तर या आठवड्याचं काम. एक वही घ्या, मोबाइलमधली नको, कागदाची. मागच्या बारा महिन्यांत हातात किती आले ते आठवून लिहा. खात्याचं स्टेटमेंट बघा, रोख मिळालेले अंदाजाने धरा. बेरीज करा, बाराने भागा. मग सगळ्यात लहान आकड्याभोवती गोल करा. तुमचं जे काही देणं आहे ते त्या गोलात बसतं का बघा. बसत नसेल तर नवीन हप्ता घेऊ नका, आणि आहेत त्यातला सगळ्यात महाग आधी फेडा.

गोलातला आकडा किती निघाला ते मला व्हॉइस मेसेजवर सांगा. नाव सांगितलं नाही तरी चालेल, काम काय करता तेवढं सांगा. पुढच्या भागात यावर बोलू की एजन्सीकडे कामाला लागताना कुठले कागद मागून घ्यायचे.

चला, लाइट जायच्या आत अपलोड करते. काळजी घ्या, भेटू!